कै. सर माणेकजी बैरामजी दादाभॉय यांचे अल्प चरित्र

महोत्सवाच्या स्मरणिकेत आपल्या प्रांताच्या एखाद्या जुन्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र असावे, अशी सूचना काही वडीलधाऱ्या मंडळींनी केली, व ते लिहिण्याचे काम मजकडे आले. महोत्सव म्हणजे गेलेल्या वर्षांची मोजदाद होय. आणि मोजदाद करू लागले म्हणजे आपल्या घराची व गावाची उलाढाल कोणाकोणाच्या हातून घडली, हेही पाहणे प्राप्त होते. म्हणून सर माणेकजी दादाभॉय हे नाव मी निवडले. वाशिम, कारंजे, रिसोड ह्या आपल्या भागांत हे नाव आज फारसे कोणी घेत नाही. तथापि आपल्या आजोबा-पणजोबांच्या कापसाला रुपये किती मिळावयाचे, येथील मालापासून देशी गिरणीत विणलेल्या कापडावर कर किती बसावयाचा, ह्या गोष्टींचा विचार ज्या मंडळांत होई, त्यांत हा गृहस्थ बसलेला असे. अशा पुरुषाची ओळख वाचकांस उपयोगी पडेल अशी आशा आहे.

आरंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. दादाभाई नौरोजी (१८२५–१९१७) हे राष्ट्रसभेचे पितामह वेगळे, आणि आपले चरित्रनायक वेगळे. दोघेही पारशी समाजातील व मुंबईच्या शिक्षणात वाढलेले. परंतु त्यांच्या आयुष्याच्या वाटा निरनिराळ्या होत्या. नामसादृश्यामुळे एकाचे श्रेय किंवा दोष दुसऱ्याच्या पदरी पडू नये.

माणेकजींचा जन्म मुंबई येथे ता. ३० जुलै १८६५ रोजी झाला. पिता खानबहादूर बैरामजी दादाभॉय हे मुंबईतील प्रतिष्ठित गृहस्थ होते. माणेकजींचे माध्यमिक शिक्षण प्रोप्रायटरी हायस्कुलात व पुढील शिक्षण सेंट झेवियर्स कॉलेजात झाले. हे कॉलेज येशूसंघीय धर्मगुरूंनी १८६९ साली स्थापिले. त्याच्या प्रारंभीच्या काळातील विद्यार्थ्यांत ह्या पारशी तरुणाची गणना करावी लागेल. १८८४ साली जेरबानू ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, व त्याच वर्षी कायद्याच्या अभ्यासासाठी त्यांनी लंडनच्या मिडल टेंपल ह्या संस्थेत नाव दाखल केले. १८८७ साली बॅरिस्टर होऊन ते परतले व मुंबईच्या हायकोर्टात वकिली करू लागले. १८८९ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासद झाले. नगरपालिकेचा कारभार हीच त्या काळी सार्वजनिक जीवनाची पहिली शाळा होती.

मुंबईतच राहिले असते तर ते एक यशस्वी बॅरिस्टर म्हणून सुखाने जगले असते. परंतु १८९१ साली मध्यप्रांताचे सरकारी वकील म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि त्यांनी नागपूरची वाट धरली. त्या वेळचा मध्यप्रांत कसा होता हे ध्यानात घेतले पाहिजे. १८६१ साली निर्माण झालेल्या ह्या प्रांतावर चीफ कमिशनरचा अंमल होता; स्वतंत्र हायकोर्ट नव्हते, कायदेमंडळ नव्हते. मुंबईहून आगगाडी नागपुरास १८६७ मध्ये आली होती, आणि जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल ता. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती. परंतु ह्यापलीकडे यंत्राचा उद्योग म्हणण्यासारखा थोडाच होता. प्रांत विस्ताराने मोठा, जंगलाने भरलेला, आणि भांडवलाने दरिद्री. अशा ठिकाणी मुंबईचा तरुण बॅरिस्टर आला, आणि नागपुरास त्याने आपली कर्मभूमी केले.

माणेकजींनी आरंभी ज्या विषयात नाव मिळविले तो जमिनीच्या कायद्याचा होय. मध्यप्रांतात मालगुजारी पद्धत होती. मालगुजार, त्याची कुळे, आणि सरकार ह्या तिघांचे हक्क एकमेकांत इतके गुंतलेले असत की कोर्टातील निम्मे तंटे त्यांतूनच उद्भवावेत. माणेकजींनी मध्यप्रांताच्या जमीनविषयक कायद्यांवर व कूळकायद्यावर भाष्यग्रंथ लिहिले. शेत कोणाचे, झाड कोणाचे, बांध कोणाचा, ह्याचा विचार करणाऱ्या माणसाच्या मनात भुईच्या पोटातील वस्तू कोणाची, हाही प्रश्न सहज उभा राहिला असेल. खाणीचा धंदा म्हणजे आरंभी पट्ट्याचा, सीमारेषेचा व सरकारदेण्याचा व्यवहार असतो. कुदळ त्यानंतर चालते. हा पहिला व्यवहार समजणारा माणूस प्रांतात विरळा होता, आणि माणेकजींना तो पुरा अवगत होता.

आता कोळशाविषयी. वर्धा नदीच्या खोऱ्यात, त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात, दगडी कोळसा आहे हे इंग्रजी अमलाच्या आरंभकाळीच कळून आले होते. वरोरा येथे सरकारने १८७० नंतरच्या दशकात खाण चालू केली, आणि तिच्याकरिता वर्ध्याहून आगगाडीचा फाटा नेला. ही खाण १९०६ साली बंद पडली. पुढे ह्या खोऱ्यातील कोळशाचे महत्त्वाचे ठिकाण म्हणून बल्लारपूर पुढे आले. गोंड राजांची ही जुनी राजधानी. तेथील किल्ल्याच्या भिंती आजही वर्धा नदीच्या काठी उभ्या आहेत. बल्लारपूर व आसपासच्या कोळशाच्या व्यवसायात जे हिंदी भांडवलदार पडले, त्यांत माणेकजी हे अग्रगण्य होते.

ह्या कोळशाची गोष्ट समजण्यासारखी आहे. बंगालच्या राणीगंज-झरिया भागातील कोळशाच्या मानाने वर्धा खोऱ्याचा कोळसा हलका. त्यात पाण्याचा अंश व राख अधिक, आणि उघड्यावर ढीग करून ठेवला तर आपोआप पेट घेण्याची त्याची खोड. तरीही त्यास गिऱ्हाईक होते, ह्याचे कारण अंतर. बंगालचा कोळसा नागपूर-वऱ्हाडात यावयाचा तर शेकडो मैलांचे रेल्वेभाडे मूळ किमतीवर चढे. गिरण्यांचे बॉयलर, रेल्वेची इंजिने, आणि हंगामात रात्रंदिवस चालणारे जिन-प्रेस ह्या सर्वांना जवळचा कोळसा, थोडा हलका असला तरी, परवडे. आपल्या भागातील जुन्या जिनिंग कारखान्यांच्या उंच धुराड्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांस ह्या जळणाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. कापूस वेचला जाई वाशिम-कारंज्याच्या काळ्या रानात. परंतु त्याची सरकी काढून गाठ बांधावयास जी वाफ लागे, तिचे इंधन भुईच्या पोटातून यावे लागे. माणेकजींनी दोन्ही टोके ओळखली होती. त्यांचे कोळशाबरोबर जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतही भांडवल होते.

दुसरे खनिज मॅंगनीज. नागपूर, भंडारा व बालाघाट ह्या जिल्ह्यांतील टेकड्यांत हे काळेभोर जड दगड पूर्वीपासून पडलेले होते. गावकरी त्यांस विशेष किंमत देत नसत. पोलादाच्या कारखान्यात मॅंगनीजशिवाय चालत नाही, कारण पोलादातील प्राणवायू व गंधक ह्यांचा दोष ते काढून टाकते व त्यास टणकपणा आणते. युरोप-अमेरिकेत पोलादाचे उत्पादन वाढू लागताच ह्या दगडांचा शोध सुरू झाला. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रज मंडळी १८९६ साली स्थापन झाली, आणि १९०० च्या सुमारास मध्यप्रांतातून मॅंगनीज बाहेर जाऊ लागले. दहा वर्षांच्या आत हिंदुस्थान रशियाच्या बरोबरीचा मॅंगनीज-उत्पादक देश झाला. भूगर्भखात्याचे फर्मोर साहेब यांनी १९०९ साली ह्या खनिजावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि मॅंगनीज ज्यात सापडते त्या एका जातीच्या खडकास गोंड लोकांवरून गोंडाइट असे नाव दिले. ह्या चढाओढीत परकी कंपन्यांचा वरचष्मा असता, ज्या थोड्या हिंदी लोकांनी पट्टे घेऊन खाणी चालविल्या त्यांत माणेकजी दादाभॉय एक होते. हिंदी माणसास वकिली व नोकरी साधते, जोखमीचा धंदा साधत नाही, असा समज त्या काळी रूढ होता. तो खोटा ठरविण्यास असल्या उदाहरणांचा उपयोग झाला.

कोळसा व मॅंगनीज येथेच त्यांची दृष्टी थांबली नाही. नागपुरास विजेचा पुरवठा करणाऱ्या नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीचे ते मॅनेजिंग डायरेक्टर होते. नागपूरच्या मॉडेल मिल्सचा कारभार बन्सीलाल अबीरचंद दादाभॉय आणि कंपनी ह्या पेढीकडे होता. ह्यात मारवाडी सावकारी घराण्याचे व पारशी उद्योजकाचे सहकार्य दिसून येते. १९०७ साली रायपूर येथे भरलेल्या प्रांतिक औद्योगिक परिषदेचे, आणि १९११ साली कलकत्त्यास भरलेल्या अखिल भारतीय औद्योगिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. ह्यावरून उद्योगक्षेत्रातील त्यांच्या शब्दाचे वजन कळून येईल.

१९०८ साली माणेकजी व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलात गेले. १९१२ पर्यंत, व पुन्हा १९१४ ते १९१७ पर्यंत, ते तेथे सभासद होते. नामदार गोखले त्याच सभागृहात होते. तेथे सरकारी अधिकाऱ्यांचे मताधिक्य असल्यामुळे लोकपक्षाचा ठराव मंजूर होणे जवळजवळ अशक्यच असे. तरीही विषय वारंवार मांडीत राहणे हेच त्या पिढीचे व्रत होते. माणेकजींनी १९११ साली मांडलेला सुती कापडावरील जकातीचा ठराव ह्याच जातीचा. १८९६ पासून परदेशी कापडावर शेकडा साडेतीन आयात जकात होती. परंतु लँकेशायरच्या गिरण्यांचे नुकसान होऊ नये म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावरही शेकडा साडेतीन अंतर्गत कर बसविण्यात आला होता. स्वतःच्या देशात, स्वतःच्या कापसापासून विणलेल्या वस्त्रावर परकी व्यापाऱ्याच्या सोयीसाठी दंड भरावयाचा, असा हा प्रकार होता. हा कर रद्द करावा असे माणेकजींनी सुचविले. ठराव फेटाळला गेला. पुढे पंधरा वर्षांनी, १९२६ साली, तो कर कायमचा उठला.

त्यांचे दुसरे एक काम माझ्या मते ह्याहूनही मोलाचे आहे, आणि त्याचा विसर पडला आहे. अल्पवयीन मुलींस देवाच्या नावाने किंवा विकत घेऊन अनीतीच्या धंद्यास लावण्याची दुष्ट चाल अनेक भागांत होती. तिच्या बंदोबस्तासाठी १९१२ साली कौन्सिलात तीन सभासदांनी तीन निरनिराळी बिले आणली. त्यांपैकी एक माणेकजींचे, दुसरे आपल्या अमरावतीचे रावबहादूर रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांचे, व तिसरे मॅज साहेब यांचे. पारशी, हिंदू व ख्रिस्ती असे तिघे एका निराधार मुलीच्या रक्षणासाठी एकाच वेळी पुढे आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सरकारने ह्यावर प्रांतोप्रांतीची मते मागविली व आपले स्वतःचे बिल पुढे आणले. इतक्यात १९१४ चे महायुद्ध सुरू झाले आणि तो प्रश्न मागे पडला. दंडसंहितेत ह्या बाबतीत सुधारणा व्हावयास १९२४ साल उजाडले. मध्यंतरीच्या बारा वर्षांत किती मुलींचा नाश झाला असेल, ह्याचा हिशेब कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही.

१९२१ साली माणेकजींस सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी नव्या सुधारणांप्रमाणे दिल्लीस दोन सभागृहे निर्माण झाली, आणि त्यांपैकी वरिष्ठ सभागृह जे कौन्सिल ऑफ स्टेट, त्यात ते निवडून गेले. लागलीच सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील फिस्कल कमिशनवर त्यांची नेमणूक झाली. देशी उद्योगांस जकातीचे संरक्षण द्यावे की नाही, हा त्या कमिशनपुढील प्रश्न होता. १९२२ च्या अहवालात बहुमताने असे ठरले की, संरक्षण द्यावे, परंतु पारखून द्यावे. ज्या धंद्यास देशात स्वाभाविक अनुकूलता आहे, जो संरक्षणावाचून वाढणार नाही, व जो पुढे स्वतःच्या पायांवर उभा राहू शकेल, त्यासच ते मिळावे. अध्यक्षांसह पाच हिंदी सभासदांनी ह्याहून मोकळ्या हाताच्या संरक्षणाची मागणी करून वेगळे मतपत्र जोडले. माणेकजींनी बहुमताच्या बाजूस सही केली. दक्षतेने व मर्यादेने चालावे हा त्यांचा स्वभावधर्म येथे प्रकट झाला.

ह्यानंतरचा प्रसंग वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. १९२५ साली हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी चलनाविषयी रॉयल कमिशन नेमण्यात आले, व माणेकजी त्याचे सभासद झाले. रुपयाची किंमत एक शिलिंग चार पेन्स असावी की एक शिलिंग सहा पेन्स असावी, हा मुख्य वाद. दोन पेन्सांचा फरक ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचा अर्थ पाहा. चार पेन्सांच्या दराने एका पौंडाचे पंधरा रुपये होत; सहा पेन्सांच्या दराने तेरा रुपये पाच आणे चार पै होत. लिव्हरपूलच्या बाजारात दहा पौंडांस विकल्या जाणाऱ्या कापसाबद्दल एका दराने दीडशे रुपये, तर दुसऱ्या दराने एकशे तेहतीस रुपये पाच आणे चार पै हाती येत. सावकाराचे व्याज आणि सरकारचा धारा मात्र रुपयांतच ठरलेला. तो काही कमी होत नसे. उलट पक्षी, दर उंच ठेवल्याने परदेशी माल स्वस्त पडे, आणि हिंदुस्थान सरकारला विलायतेत जी रक्कम दरसाल पाठवावी लागे तिचा बोजा रुपयांत कमी होई.

कमिशनने १९२६ साली अहवाल दिला; त्यात सहा पेन्सांचा दर पसंत केला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चार पेन्सांच्या बाजूने जोरदार भिन्न मत नोंदविले. सर माणेकजींची सही पुन्हा बहुमताच्या अहवालावर होती. १९२७ च्या कायद्याने तो दर पक्का झाला. थोड्याच वर्षांत जगावर मंदी कोसळली, कापसाचे भाव गडगडले, आणि वऱ्हाडात कर्जापायी जमिनी गेल्या. मंदी जगाची होती, ती एका कमिशनने आणली असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु आधीच उतरत्या भावाच्या काळात उंच दराने शेतकऱ्याच्या हाती येणारे रुपये आणखी घटले, हेही नाकारता येत नाही. स्वतः जिनिंग-प्रेसिंगच्या धंद्यात असलेल्या व कापसाच्या मुलखात पस्तीस-एक वर्षे काढलेल्या गृहस्थाने ह्या बाजूकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्याच कमिशनने देशासाठी रिझर्व्ह बँक स्थापावी अशीही शिफारस केली होती. ती बँक ता. १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली व आजही आपल्या चलनाचा कारभार पाहत आहे. एकाच कागदावरील एकाच सहीखाली हित व अहित दोन्ही असू शकतात, हे चरित्र लिहिणाऱ्याने लपवू नये.

१९३१ साली लंडनच्या गोलमेज परिषदेस सर माणेकजी प्रतिनिधी म्हणून गेले. १९३३ साली ते कौन्सिल ऑफ स्टेटचे अध्यक्ष झाले, आणि १९४६ पर्यंत, म्हणजे सुमारे तेरा वर्षे, त्या आसनावर राहिले. त्यांच्या पूर्वीचे अध्यक्ष इंग्रज मुलकी अधिकारी होते. सभागृह साठ सभासदांचे. मतदानास संपत्तीची अट इतकी कडक, की १९२० च्या सुमारास साऱ्या हिंदुस्थानात त्याचे मतदार सतरा हजारांच्या आसपासच होते. ते धनिकांचे व प्रतिष्ठितांचे सभागृह होते, लोकांचे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. परंतु वादविवादाची शिस्त व अल्पपक्षालाही बोलावयास मिळणारा अवसर ह्या गोष्टी स्वतंत्र देशालाही लागतात, आणि त्या एका दिवसात निर्माण होत नाहीत.

ह्याच काळात बाहेर देश पेटला होता. त्यांच्या नागपुरात १९२३ साली झेंडा सत्याग्रह झाला. १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या जंगलात गवत कापून सत्याग्रह केला. आणि १९४२ च्या ऑगस्टात, ज्या चांदा जिल्ह्याच्या कोळशाशी माणेकजींचा संबंध होता, त्याच जिल्ह्यातील चिमूर येथे रक्त सांडले. सर माणेकजी ह्या मार्गाने कधी गेले नाहीत. कायद्याच्या चौकटीत राहून, सरकारशी सहकार्य करून जे मिळेल ते पदरात पाडावे, ह्या मवाळ पंथाचे ते होते व अखेरपर्यंत तसेच राहिले. तुरुंगात गेलेल्यांच्या मालिकेत त्यांचे नाव नाही, आणि ते घालण्याचा खोटा प्रयत्न कोणी करू नये. त्यांची सेवा वेगळ्या प्रकारची होती, व तिचे मोल वेगळ्या मापाने करावे लागेल.

आता एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून खाणमालकाचे चरित्र पुरे होत नाही. खाण मालकाच्या नावाने ओळखली जाते. पण ती खोदतो तो मजूर. मॅंगनीजच्या उघड्या खाणीत पुरुष सुरुंग लावून दगड फोडीत, आणि बाया-माणसे ते हातोडीने ठेचून, निवडून, डोक्यावरच्या पाटीतून वाहून नेत. कोळशाच्या खाणीत अंधारात, मध्ये कोळशाचेच खांब छताला आधार म्हणून सोडून, गल्ल्या पाडीत जावयाचे. पाणी, धूर व ढासळणारे छत हे नित्याचे सोबती. देशातल्या कोळशाच्या खाणींत स्त्रियाही भुईखाली उतरत. १९०१ च्या व १९२३ च्या खाणकायद्यांनी काही निर्बंध घातले. १९२३ च्या कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांस खाणीत मज्जाव केला. १९२९ च्या नियमांनी स्त्रियांचे भुईखालील काम क्रमाक्रमाने कमी करण्याचे ठरले, आणि १९३७ मध्ये ते पूर्ण बंद झाले. युद्धाच्या गरजेपोटी १९४३ साली ही बंदी शिथिल करण्यात आली, व १९४६ साली पुन्हा लागू झाली. बंदी योग्यच होती. परंतु जोडप्याच्या मजुरीवर चालणाऱ्या घरातील निम्मी मिळकत तिने गेली, आणि पुरुषाची मजुरी त्या मानाने वाढविण्याची तजवीज झाली नाही. चांगला कायदाही गरिबाच्या चुलीचा विचार करून केला नाही तर त्याची धग गरिबासच लागते. ह्या मजुरांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. सर माणेकजींच्या वैभवात, आणि त्या काळच्या प्रत्येक खाणमालकाच्या वैभवात, त्यांचा वाटा होता, एवढे येथे नमूद करतो.

ह्या ठिकाणी त्याच धंद्यातील दुसऱ्या एका पुरुषाची आठवण होते. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हेही मॅंगनीजच्या व्यवसायात धनवान झाले. १९३० साली ते वारले, तेव्हा त्यांनी आपल्या संपत्तीतून पस्तीस लाखांहून अधिक रुपये उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठास ठेविले. त्या देणगीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली, आणि हजारो तरुणांनी तेथे रसायन व तेल-तंत्राचे शिक्षण घेतले. भुईतून काढलेला काळा दगड परदेशी गेला, तो परत आला नाही. परंतु त्याची किंमत विद्येच्या रूपाने ह्या मातीत राहिली. सर माणेकजींनी आपली बुद्धी व वेळ सार्वजनिक कामास दिला, लक्ष्मीनारायण यांनी आपले धन दिले. नागपूर-विदर्भाने दोघांचेही ऋण मानावे.

१९४६ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, सर माणेकजींनी अध्यक्षपद सोडले. पुढील वर्षी देश स्वतंत्र झाला, आणि ते सभागृहही विसर्जित झाले. ज्या दालनात कौन्सिल ऑफ स्टेट बसत असे, त्यात पुढे स्वतंत्र भारताची राज्यसभा अनेक दशके भरली. ता. १४ डिसेंबर १९५३ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे दीर्घ आयुष्य पुरे करून, सर माणेकजी निवर्तले. त्यांच्या पश्चात व्यवसायाचे स्वरूपही पालटले. मध्यप्रांतातील मॅंगनीजच्या जुन्या इंग्रज कंपनीतून १९६२ साली सरकारी भागीदारीची मॅंगनीज ओअर इंडिया ही कंपनी निघाली. कोळशाच्या खाणी १९७३ मध्ये राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, आणि वर्धा खोऱ्याचा कोळसा वेस्टर्न कोलफील्ड्सच्या हाती आला. इंग्रजी अमलात १९०५ साली अकोल्यात विलीन झालेला आपला वाशिम जिल्हा ता. १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. माणसे जातात, पेढ्या मोडतात, सीमा बदलतात. पण त्यांनी घेतलेल्या निर्णयांची फळे पुढच्या पिढ्या खात असतात.

सर माणेकजींच्या चरित्रापासून घेण्यासारखे गुण कोणते, असे तरुण वाचक विचारतील. पहिला गुण धाडसाचा. भरल्या मुंबईतील जम बसलेली वकिली सोडून, जेथे सारे नव्याने उभारावयाचे अशा प्रांतात ते आले व तेथलेच झाले. दुसरा गुण अभ्यासाचा. जमिनीचा कायदा, कोळसा, वीज, चलन, जकात, ज्या विषयात हात घातला तो समजून घेतल्यावाचून ते बोलले नाहीत. म्हणून पंचवीस वर्षांच्या तरुणापासून ऐंशी वर्षांच्या वृद्धापर्यंत त्यांस कामाचा तोटा पडला नाही. तिसरा गुण चिकाटीचा. फेटाळला जाणार हे ठाऊक असूनही न्यायाचा ठराव त्यांनी मांडला. आणि त्यांच्या उणिवेपासूनही एक धडा घ्यावा. उच्च सभागृहात बसलेल्याने आपली सही करताना, ज्याच्या शेतात कापूस फुटतो व ज्याच्या पाटीतून दगड वाहिला जातो, त्या दूरच्या माणसाचे तोंड डोळ्यांसमोर आणावे. आज आपल्यापैकी कोणी ग्रामपंचायतीत आहे, कोणी सहकारी सोसायटीवर, कोणी शाळेच्या समितीवर. सही लहान असो वा मोठी, तिचा परिणाम कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोहोचतोच.

ह्या वर्षी दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या बाजाराच्या वाटेस लागतील, तेव्हा भावाची चौकशी करताना आपल्या मुलाबाळांस हेही सांगावे की, हा भाव कधी लिव्हरपुलात, कधी दिल्लीत, कधी एखाद्या कमिशनच्या मेजावर ठरत आला आहे. आणि त्या मेजाशी आपल्या प्रांताचा एक कर्तबगार माणूस, आपल्या गुणदोषांसह, बसलेला होता. त्याच्या आत्म्यास परमेश्वर चिरशांती देवो, व ज्यांची नावे उरली नाहीत अशा खाणमजुरांच्या आत्म्यांसही देवो.